धक्क्याला बांधलेली बोट

ज्या माणसाने भर जेवणात, दोनशे लोकांसमोर माझं मनगट पकडलं, त्याच्याबद्दल मी चांगलं लिहीन अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. खरं घडलं तेवढं लिहिणार आहे. त्यातून तो माणूस चांगला दिसला तर तो माझा दोष नाही.

ते आमचे गाळामालक. रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराकडून वर येताना चढावर त्यांचं घर, आणि घराखाली माझा गाळा. मी मासळीचा व्यापारी आहे. आठवीत नापास झालो तेव्हा सायकलवरून बर्फाच्या लाद्या वाहायचो. आज माझे दोन टेम्पो कोल्हापूरला जातात. हे कोणाच्या मेहेरबानीने झालेलं नाही. घासाघीस करून झालंय.

गाळा बघायला गेलो तो तयारीनेच. भिंतीची ओल, शटरचा गंज, समोरचं गटार, सगळं बोलायला पाठ करून ठेवलं होतं. त्यांनी भाडं सांगितलं. मी निम्मं बोललो. निम्म्यापासून सुरू करायचं, एकमेकांना दोन-चार शब्द ऐकवायचे, मग मध्ये कुठेतरी हातावर हात मारायचा, अशी आमच्याकडची रीत आहे.

ते म्हणाले, "चालेल."

पहिल्या आकड्याला मला आयुष्यात कोणी चालेल म्हणालं नव्हतं. ओल आणि गंज दोन्ही माझ्या तोंडात तसेच राहिले. ज्या सौद्यात समोरचा लगेच हो म्हणतो, त्यात कुठेतरी आपण बुडालेलो असतो, फक्त कुठे ते अजून कळलेलं नसतं.

"एक अट आहे," ते म्हणाले आणि त्यांनी पायरीकडे बोट दाखवलं. पायरीला लागून भिंतीत एक पांढरंशुभ्र बेसिन होतं, वर नळ, बाजूला साबण. "गाळ्यात येणारा प्रत्येक माणूस इथे हात धुऊन आत येईल. हमाल, गिऱ्हाईक, तू, मी. उद्या मंत्री आला तर मंत्री."

"एवढंच?"

"एवढंच."

मी खूश होऊन हात पुढे केला. त्यांनी माझ्या हाताकडे सडक्या बांगड्याकडे बघावं तसं बघितलं.

"हा सकाळपासून कुठे कुठे होता?"

"कोण?"

"हात."

मी आठवून सांगितलं. टेम्पोचं स्टिअरिंग. लिलावात सात-आठ जणांना दिलेल्या टाळ्या. नोटा. दोन सुरमया. तंबाखू. मग प्रामाणिकपणे नाकही सांगितलं.

"झालं?"

"एवढं आठवतंय."

"माणूस आजारी पडतो तो न आठवणाऱ्यानेच," ते म्हणाले, आणि लांबूनच नमस्कार करून वर निघून गेले.

बंदरावर सगळे त्यांना कप्तान म्हणायचे. ते कप्तान नव्हते. प्रवासी बोटींवर त्यांनी सव्वीस वर्षं काढली ती सफाईत. खोल्या, चादरी, संडास. रत्नागिरीत बोटीवरून रिटायर झालेली माणसं पुष्कळ आहेत, आणि त्यांतला प्रत्येक जण परत येताना दोन हुद्दे वर चढून येतो. हे एकटेच चढले नाहीत. कोणी कप्तान म्हटलं की म्हणायचे, "बोटीवर कप्तान एक असतो. संडास बाराशे असतात. माझं खातं मोठं होतं."

दार कोपराने उघडायचे. लिफ्टचं बटण बोटाच्या मधल्या सांध्याने दाबायचे. जिन्याच्या कठड्याला त्यांनी कधी हात लावलेला मी बघितला नाही. कठडा म्हणजे शेजारून साप चाललाय असे चालायचे. खिशात सुपारीच्या जुन्या डबीत साबणाची वडी. लग्नाला गेले की आधी पाण्याचा नळ कुठे आहे ते बघून त्याच्या जवळचं ताट धरायचे. मुलगी बघायला गेल्यासारखा तो नळ बघायचे.

आणि हात धुणं म्हणजे नुसतं धुणं नव्हे. पूर्वी मुंबईची आगबोट कोकणात ज्या बंदरांना लागायची, ती बंदरं त्यांनी हातावर बसवली होती. वेंगुर्ला म्हणजे तळवे. मालवण, देवगड म्हणजे हातांची पाठ. विजयदुर्ग, जैतापूर, बोटांच्या बेचक्या. रत्नागिरी म्हणजे अंगठे. जयगड, दाभोळ, नखं. हर्णे, बाणकोट, मनगटं. मग श्रीवर्धन, आणि शेवटी मुंबई, म्हणजे वाहत्या पाण्याखाली सगळा साबण उतरवायचा. नावं सावकाश घ्यायची. मुंबई यायच्या आधी नळाखालून हात काढायचा नाही.

मी एकदा घाईत होतो. तळवे आणि हातांची पाठ चोळली आणि निघालो. वरून, गॅलरीतून आवाज आला, "शेठ, मालवणलाच उतरलास?"

खाली सहा गिऱ्हाइकं उभी होती. सगळी हसली. मी परत जाऊन मुंबईपर्यंत आलो. तेव्हा ते म्हणाले, "अंगठा विसरलास. सगळे अंगठाच विसरतात. रत्नागिरीची माणसं आणि रत्नागिरीच विसरतात."

मी एकदा हुशारी केली. जेलची मोठी बाटली आणून टेबलावर ठेवली. दोन थेंब, चोळलं की झालं. ते खाली आले, बाटली लांबूनच बघितली. "हे अत्तर आहे," म्हणाले. "लाव. वास चांगला येतो. पण बोटीवर जो पोटाचा रोग फिरतो ना, तो याला भीत नाही. तो साबणाने मरत नाही, पण साबण त्याला ढकलतो आणि पाणी त्याला घेऊन जातं. वाहतं पाणी. बादलीतलं नव्हे."

गणपतीत त्यांनी कळस केला. आमच्याकडे आरती झाली, भटजी खिरापत वाटायला उभे राहिले, आणि हे चिमटा घेऊन पुढे आले. नवा, चकचकीत, लांब चिमटा.

भटजी म्हणाले, "अहो कप्तान, चिमट्याने प्रसाद?"

"देवाला फरक पडत नाही. पोटाला पडतो."

"माझे हात सोवळ्यातले आहेत हो!"

"आत्ता तबकातले पैसे कोणी मोजले?"

भटजींनी चिमटा घेतला. मी मध्ये पडणार होतो, माझ्या घरात माझा भटजी म्हणून. पण माझी आईच म्हणाली, "बरोबर बोलतायत भावोजी. मागच्या वर्षी विसर्जनापर्यंत निम्मा वाडा हगवणीने आडवा होता."

माझ्या आईला ते पसंत होते. आई शहात्तर वर्षांची, साखरेची गोळी चालू, शब्द मात्र तिखट. पहिल्याच दिवशी तिने ती बंदरं पाठ केली, कारण तिला ती आधीपासूनच पाठ होती. माझे वडील मच्छीमार बोटीवर खलाशी होते. मी लहान असताना ते गेले. आई सांगायची, परत येताना दीपगृहाची बत्ती दिसली की बोटीवरची माणसं गप्प व्हायची, असं ते म्हणायचे. जन्मभर तिने किनाऱ्यावरून बोटी बघितल्या. बोटीवरून किनारा कसा दिसतो, ते एकदा बघायचं, एवढी एकच गोष्ट तिने माझ्याकडे मागितली होती. "तू बाजूला उभा राहा नि मला दाखव," म्हणाली होती.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. मिरकरवाड्यात धंदा करत असलो तरी मी कधी समुद्रात गेलेलो नाही. वडिलांनंतर मी ठरवलं, मासे धक्क्यावर आले की तिथून पुढे ते माझे. त्याच्या आधीचं खलाशांनी बघावं.

पण आईचा शब्द होता. मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणाऱ्या मोठ्या बोटीची जाहिरात बघितली, आणि रत्नागिरीतल्या एजंटसमोर तीन तास बसलो. चौथ्या चहाला तो रडकुंडीला आला. आईसाठी खिडकीची खोली, माझ्यासाठी आतली, बिनखिडकीची. मला खिडकी काय करायची होती? आई म्हणाली, भावोजी येणार असतील तरच मी येते, त्यांना बोट माहीत आहे. कप्तान म्हणाले, येतो, पण माझी खोली मी घेणार. "दुसऱ्याशी संडास वाटून घ्यायचे दिवस संपले माझे."

बोट संध्याकाळी सुटणार होती. सकाळीच मुंबईत पोचलो होतो, म्हणून मी मासळीबाजारात चक्कर टाकली. वीस वर्षांच्या ओळखीचे व्यापारी, सगळ्यांना भेटायचं. आमच्या धंद्यात तोंडाने कितीही बोला, हातावर हात पडल्याशिवाय सौदा होत नाही. मी त्या सकाळी पन्नास तरी हात मारले असतील. मग तिथेच उभ्याने आम्लेट-पाव खाल्ला. त्याच हाताने. धुतले नाहीत. रत्नागिरीच्या बाहेर मला कोण बघत होतं?

बोटीवर पाय ठेवल्यापासून कप्तान वेगळेच झाले. म्हातारा माणूस शाळेत परत आल्यासारखा. आईला सांगत होते, "वैनी, कठडा धरायचाच असेल तर धरा, पडू नका, पण मग तो हात तोंडाकडे नेऊ नका. जेवायला बसण्याआधी धुवायचे, आणि वाढून घेतल्यावर परत धुवायचे. कारण पळीचा दांडा सगळ्यांनी धरलेला असतो." आई दोन्ही हात पदरात गुंडाळून बोटभर फिरली. खोली साफ करायला येणाऱ्या पोराला कप्तानांनी चादरीचा कोपरा कसा दुमडायचा ते दाखवलं. तोही बिचारा दाखवून घेत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच गोव्याला बोट धक्क्याला लागली, रात्रभर तिथेच राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी निघायची होती, आणि सूर्य मावळायच्या सुमारास रत्नागिरीसमोरून जाणार होती. आई सकाळपासून चांगलं लुगडं नेसून तयार.

आणि त्याच पहाटे माझ्या पोटात कळ आली. एकदा, दोनदा. चौथ्यांदा जाऊन आलो तेव्हा उलटीही झाली. तोंडावर पाणी मारलं आणि बाहेर आलो. दारातच कप्तान.

"डोळे का आत गेलेत?"

"बोट लागली," मी म्हटलं.

त्यांनी मला बोळाच्या टोकाला खिडकीपाशी नेलं आणि बाहेर बघितलं. बाहेर धक्का होता, धक्क्यावर एक कुत्रं झोपलेलं होतं.

"बोट बांधलेली आहे," ते म्हणाले.

"कालची आज लागली."

"कालही बांधलेलीच होती."

"परवाची!" मी ओरडलो. "मला उशिरा लागते!"

"किती वेळा जाऊन आलास?"

"एकदा."

"डॉक्टरकडे चल. कोणी काही करत नाही. गोळी देतात, पाणी देतात, खोलीत बसवतात."

खोलीत बसवतात. खिडकी नसलेल्या खोलीत. आणि वर आई रत्नागिरी बघणार. मी म्हटलं, "काका, तुम्ही रिटायर आहात. तुमचे बाराशे संडास आता दुसरं कोणीतरी बघतं. माझ्या मागे लागू नका."

जेवायला ते आमच्याच टेबलावर, माझ्यासमोर येऊन बसले.

आता ते जेवण. आई काट्या-चमच्यांना बुजली होती. ताटात पुरी होती, भाजी होती, ती नुसती बघत बसली. मला भूक नव्हतीच. मी तिच्या ताटातली पुरी घेतली, तुकडा तोडला, भाजीला लावला आणि तिच्या तोंडाशी नेला. "खा गो."

तेवढ्यात टेबलापलीकडून हात आला आणि माझं मनगट धरलं.

ज्या माणसाने मला कधी टाळी दिली नव्हती, लग्नात कोणाशी हस्तांदोलन केलं नव्हतं, त्याने माझं मनगट धरलं, आणि असं धरलं की तुकडा खाली पडला. आणि ते ओरडले, "हात!"

दोनशे चमचे थांबले.

"सोडा," मी म्हटलं. "माझी आई आहे ती."

"म्हणूनच."

मी उभा राहिलो. मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. बंदरावर ते शब्द रोजचे आहेत, पण तिथे भर दुपारी मेणबत्त्या लावलेल्या होत्या. कप्तानांनी वाढप्याला इंग्रजीत दोन वाक्यं सांगितली आणि जागेवर बसून राहिले. त्यांचा हात तसाच टेबलावर, उताणा, जणू तो आता त्यांचा नव्हता.

डॉक्टर तोंड बांधून आला. नम्र माणूस. म्हणाला, अठ्ठेचाळीस तास खोलीत.

"डॉक्टर, बारा."

"सर, अठ्ठेचाळीस."

"चोवीस करा. तुमचंही राहू दे, माझंही राहू दे."

"सर, हे तसं नसतं."

"बरं, आता आत जातो. फक्त संध्याकाळी एक तास सोडा. आईला रत्नागिरी दाखवतो, परत येतो. तोंड बांधून येतो. लांब उभा राहतो."

"तुम्ही ज्याला हात लावाल, त्याला तुमच्या आई हात लावतील," डॉक्टर म्हणाला. आयुष्यात एवढ्या नम्र माणसाने मला एवढं हरवलेलं नाही.

खोलीत चार भिंती, एक दिवा, एक संडास. त्या संडासाशी माझी चांगली ओळख झाली. वेळ कळायला मार्ग नव्हता. मग टेबलावरचा फोन वाजला. आई होती. भोवती वारा घोंगावत होता.

"अरे, दिसतंय बघ!"

"काय दिसतंय?"

"आपलं. जांभ्याचा लाल लाल सडा, नि वर बत्ती. आत्ताच पेटली. एकदा दिसते, परत जाते, परत दिसते. एवढीशी हाय रे. मला वाटलं मोठी असेल."

मी भिंतीकडे बघत होतो. भिंतीवर फळांचं चित्र होतं.

"माणसं गप्प झाली काय?" मी विचारलं.

"कोण गप्प होतंय? हितं गाणी लावलीत ढणाढणा," आई म्हणाली. मग थोडा वेळ तीच गप्प झाली. फोन चालू होता. मग म्हणाली, "गेली. आता जयगडाकडे लागलो म्हणतायत भावोजी. तू पाणी पीत राहा."

हा माझा राग. मी तो लपवत नाही. ज्या एका गोष्टीसाठी मी बोट केली, ती मी फोनवर ऐकली.

परत आल्यावर मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. गाळ्यात जाताना हात धुवायचो, कारण ती अट होती, आणि मी शब्दाचा पक्का आहे. पण वर न बघता धुवायचो. बंदरावर मात्र सगळ्यांना सांगितलं. मला बोट लागली होती, साधी बोट, आणि त्या माणसाने मला पटकी झालेल्या माणसासारखं कोंडून घातलं. ऐकणारे म्हणायचे, हो ना, बोट कोणालाही लागते. "बांधलेली होती" हा भाग मी सांगत नव्हतो.

असं जवळजवळ वर्ष गेलं. एक दिवस दुपारी तीन वाजता कप्तान गाळ्यात आले. हात धुऊन.

"शेठ, तुला बोट लागते?"

"लागते."

"मग चल. खाली ट्रॉलर निघतोय, बत्ती पेटल्यावर परत येतोय. बोट चालवणारा तांडेल माझ्या ओळखीचा. तुला बोट लागली, तर तुझ्या आईसमोर माफी मागतो."

"आणि नाही लागली तर?"

"नाही लागली तर काही नाही."

परत तेच. हा माणूस काही मागतच नव्हता. पण माघार घेतली असती तर संध्याकाळपर्यंत सगळ्या बंदरावर झालं असतं. आईला बोलावून घेतलं, ती धक्क्यावर टेम्पोत पुढच्या सीटवर बसली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मच्छीमार बोटीवर चढलो. चढण्याआधी कप्तानांनी डबी उघडून साबण पुढे केला. त्या बोटीवर सगळीकडे माशाचे खवले होते. तरी मुंबईपर्यंत धुवायला लावले.

बंदराबाहेर पडल्यावर बोट नाचायला लागली. मोठ्या बोटीवर असलं काही नव्हतं. इथे पुढचा भाग वर जायचा तेव्हा नुसतं आभाळ दिसायचं, खाली यायचा तेव्हा नुसतं पाणी. डिझेलचा धूर, कुजक्या जाळ्याचा वास. मी कठड्याला धरून बसलो आणि वाट बघायला लागलो.

काही होईना.

मी मुद्दाम पाण्याकडे टक लावून बघितलं. मुद्दाम धुराकडे तोंड केलं. मी कुजक्या कोळंबीचा विचार केला, पण कोळंबी हा माझा धंदा आहे, त्याने मला काय होणार? तासाभराने माझ्या पोटात खरंच काहीतरी व्हायला लागलं. मी आनंदाने लक्ष देऊन बघितलं. भूक होती. खलाशांनी स्टोव्हवर भात आणि बांगड्याचं कालवण केलं होतं. एकाने ताटली माझ्यापुढे धरली. मी "नको, मळमळतंय" म्हटलं, आणि तोंडाला सुटलेलं पाणी गिळलं.

कप्तान समोर दोरीच्या वेटोळ्यावर बसले होते. विचारत काही नव्हते.

मग सूर्य बुडाला आणि किनारा काळा व्हायला लागला. त्यात एकदम ती दिसली. एवढीशी. गेली. परत दिसली. ट्रॉलरवर गाणी नव्हती. तांडेल, खलाशी, सगळे आपापलं काम करत होते, पण बोलत कोणी नव्हतं. माझे वडील खोटं सांगत नव्हते.

तेव्हा मला ती पुरी आठवली. तुकडा आईच्या तोंडापासून किती लांब होता, ते. चार बोटं.

मी उठलो, बाजूच्या कठड्यावरून वाकलो आणि उलटी होत असल्यासारखे आवाज काढायला लागलो. सौदा म्हणून काढले, ते 'खोटं' म्हणतील या हिशोबाने. चांगले काढले. पडू नये म्हणून मागून कोणीतरी माझ्या कमरेचा पट्टा धरला होता. बराच वेळ धरून होते. मी सरळ झालो तेव्हा कप्तानांनी तोंडावर मारायला पाणी दिलं.

"लागली रे तुला," ते म्हणाले. माझ्या तोंडाकडे त्यांनी बघितलं नाही. पाण्याकडेही नाही, जिथे काहीच पडलेलं नव्हतं.

धक्क्यावर उतरल्यावर ते थेट टेम्पोपाशी गेले आणि आईसमोर हात जोडले. "वैनी, चूक माझी झाली. ह्याला बोटच लागते. तेव्हाही तीच लागली होती."

आईने त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "बरं," म्हणाली.

घरी तिने पान वाढलं. मी तिसऱ्यांदा भात मागितला तेव्हा म्हणाली, "बोट लागलेला माणूस असा जेवतो होय? तुझे बाबा दोन दिवस पेजेवर असायचे."

मी जेवत राहिलो.

"त्यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं," आई म्हणाली. "तू खोलीत होतास नि आम्ही वर उभे होतो ना, तेव्हा. तरुण असताना त्यांचं पण बोटीवर पोट बिघडलेलं. घरी आई आजारी, बंदरावर उतरून फोन लावायचा होता, स्वतः आजारी म्हटलं तर उतरू देत नाहीत. म्हणून सगळ्यांना सांगितलं, बोट लागली. सकाळभर चादरी बदलल्या. दोन दिवसांनी खोल्यांची ती अख्खी ओळ आजारी. एक म्हातारे गृहस्थ होते, रोज विचारायचे ह्यांना, आई कशी आहे तुझी? त्यांना स्ट्रेचरवरून खाली नेलं."

"मग?"

"मी पण विचारलं, मग? म्हणाले, मग काही नाही वैनी. खोली धुतली."

आईने माझ्या पानात आणखी भात घातला. चमच्याने.

गेल्या दिवाळीनंतर गुडघ्यांनी जिना चढवेना म्हणून कप्तान मुलीकडे पुण्याला गेले. गाळा माझ्याकडेच आहे. बेसिनही आहे, अटही आहे. मी अधूनमधून त्यांना फोन करतो, ओल आणि शटर यांच्याबद्दल. आणि दर वेळी ठरवून सुरुवात करतो, "काका, त्या बोटीवर मला..."

"बोट लागली होती," ते मला पुरतं बोलूही देत नाहीत. "ते मिटलंय. पुढे बोल."

एकदा तरी त्यांनी 'नाही' म्हणावं. बांधलेली होती, म्हणावं. जरा ताणून धरावं. मग मी भांडेन, ते भांडतील, आणि मध्ये कुठेतरी मला खरं बोलता येईल. माणूस पहिल्याच आकड्याला चालेल म्हणाला, तर आपण हरायचं कसं? याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही.

परवा फोन केला तेव्हा मी लिलावातून आलो होतो. म्हटलं, आज सांगून टाकायचं. म्हटलं, "काका, ऐका. बोट बांधलेली होती."

"फोन कुठल्या हातात आहे?" त्यांनी विचारलं.

"उजव्या."

"लिलावातून आलास ना?"

"हो."

"मग आधी ठेव तो खाली," ते म्हणाले. "हात धू. फोन पूस. मुंबईला पोचलास की परत लाव. मी इथेच आहे."

मी फोन टेबलावर ठेवला आणि बाहेर पायरीवर आलो. नळ सोडला. वेंगुर्ला म्हटलं, मालवण म्हटलं. रत्नागिरीला नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ लागला.